फॉर्म भरण्याआधी मंडळीशी बोला: बायबलचं ऑनलाइन शिक्षण आणि सेवेचं करिअर

बारावीचा निकाल लागला की जालना, अहिल्यानगर, वसई किंवा अमरावतीच्या एखाद्या ख्रिस्ती घरात हा विषय निघतो. मुलगी म्हणते, "मला पूर्णवेळ सेवेत जायचंय. बायबल कॉलेजचा कोर्स ऑनलाइन आहे, घरूनच करीन." आईला आनंद होतो आणि काळजीही वाटते. वडील विचारतात, ही पदवी चालेल का? पोटापाण्याचं काय? दोन वर्षांनी मन बदललं तर? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ते विचारले म्हणजे आईवडिलांचा विश्वास कमी पडला असं नाही, आणि मुलांनीही ते मनाला लावून घेऊ नयेत.

इतर करिअर आणि सेवेचं करिअर यांत एक मूलभूत फरक आहे. तो समजला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंगला आधी पदवी मिळते आणि त्या पदवीच्या जोरावर नोकरी. सेवेच्या क्षेत्रात पदवी कॉलेज देतं. दीक्षा आणि नेमणूक मंडळी देते. म्हणून "कुठला कोर्स चांगला?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की "मी जिथे सेवा करणार आहे, ती मंडळी कुठलं शिक्षण मानते?"

भारतीय सैन्याचं उदाहरण घ्या. भूदलात ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर दर्जाच्या धर्मशिक्षकांची भरती होते. त्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही असतात. पाद्रीसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. मात्र उमेदवाराची रीतसर दीक्षा झालेली असावी लागते आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत त्याचं नाव असावं लागतं. सरकारसुद्धा इथे मंडळीचाच शब्द धरतं.

तुमची मंडळी कुठली?

कॅथलिक तरुणाला धर्मगुरू व्हायचं असेल, तर ऑनलाइन कोर्स हा त्याचा रस्ता नाही. त्याला सेमिनरीत राहून तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजीचं अनेक वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. पुण्याचं ज्ञानदीप विद्यापीठ त्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. ही संस्था १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली. प्रपंचात राहून बायबल शिकायचं, धर्मशिक्षण वर्ग घ्यायचे, धर्मग्रामात काम करायचं असं ठरलं असेल, तर मात्र ऑनलाइन अभ्यासक्रम मोलाचे ठरतात.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (हे चर्च १९७० मध्ये नागपुरातच स्थापन झालं), मेथडिस्ट आणि तत्सम मंडळ्यांत साधारणपणे स्थानिक मंडळीची शिफारस लागते, मग धर्मप्रांताची निवड होते आणि उमेदवाराला ठरावीक सेमिनरीत पाठवलं जातं. मंडळीने पाठवलं नसताना स्वतःहून कोर्स केला, तर ज्ञान मिळेल, पण पाळक म्हणून नेमणूक होईलच असं नाही. मुलींसाठी आणखी एक चौकशी गरजेची आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि मेथडिस्ट चर्च स्त्रियांना दीक्षा देतात. अनेक मंडळ्या देत नाहीत. हे प्रवेशाआधी कळलेलं बरं.

स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत नियम सैल असतात. काही ठिकाणी पदवीची अटच नसते. इथे मोकळीक जास्त, म्हणून कोर्स पारखून घेण्याची जबाबदारीही तुमच्यावरच जास्त.

मान्यता म्हणजे नेमकी कोणाची?

जाहिरातीत "मान्यताप्राप्त" हा शब्द दिसला की पालक निश्चिंत होतात. ही मान्यता तीन प्रकारची असू शकते. त्यांतली प्रत्येक वेगळ्या कामाला येते.

पहिली सरकारी. भारतात ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी द्यायची, तर विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी लागते. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तशी यादी असते. बी.एड., स्पर्धा परीक्षा, सरकारी नोकरी या वाटा खुल्या ठेवायच्या असतील, तर हीच मान्यता कामाची.

दुसरी सेरामपूरची. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला कॉलेज काढलं. गाव तेव्हा डॅनिश सत्तेखाली होतं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन कॉलेजला पदव्या बहाल करण्याचा अधिकार दिला आणि १९१८ मध्ये कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. मराठीचं एक छापील व्याकरणही याच केरींनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. पुण्यातली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र त्यांपैकी एक. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही दुसरी. मुख्य प्रवाहातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या सेरामपूरची बी.टीएच. किंवा बी.डी. मानतात. नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सिनेटचे ख्रिस्ती अध्ययनाचे बाह्य अभ्यासक्रमही आहेत: पदविका आणि बी.सी.एस. ही पदवी. आधीच नोकरीत असलेल्या, पण मंडळीत जबाबदारी घेणाऱ्या माणसाने हा पर्याय जरूर पाहावा.

तिसरी मान्यता संस्थांच्या संघटनेची. १९७० मध्ये स्थापन झालेली एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन सेमिनरींचा दर्जा तपासते. इव्हँजेलिकल मंडळ्यांत या मान्यतेला वजन आहे. तरी ती सरकारी मान्यता नव्हे. तिच्या आधारे तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही.

परदेशी ऑनलाइन पदवीचा मोह

अमेरिकेत पत्राद्वारे बायबल शिकवण्याची परंपरा जुनी आहे. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटने १९०१ मध्येच असे अभ्यासक्रम सुरू केले. व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाने १९८५ च्या सुमारास व्हिडिओ कॅसेट पोस्टाने पाठवायला सुरुवात केली आणि आज ते ऑनलाइन शिक्षणातलं मोठं नाव आहे. अशा संस्थांचा दर्जा चांगला असू शकतो. पण फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी तपासाच.

एक, खर्च. तिथली फी क्रेडिटवर असते. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, एम.डिव्ह. या पाळकीय पदवीला किमान ७२. एका क्रेडिटची फी डॉलरमध्ये विचारा, क्रेडिटच्या संख्येने गुणा आणि मग रुपयांत बघा. "दरमहा फक्त इतके डॉलर" या आकड्यावर विसंबू नका.

दोन, समकक्षता. परदेशी विद्यापीठाची घरबसल्या घेतलेली पदवी भारतात समकक्ष ठरवून मिळणं अवघड असतं. पुढे इथल्या विद्यापीठात एम.ए. किंवा पीएच.डी. करायची असेल, तर त्या विद्यापीठाकडून आधी लेखी उत्तर घ्या.

तीन, व्हिसा. "ऑनलाइन सुरू करू, मग तिकडे जाऊ" असं सांगणारे दलाल भेटतात. पूर्णपणे ऑनलाइन कोर्सवर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

आणि एक सावधगिरी. वर्षभरात "डॉक्टर" करून देणाऱ्या, देणगीच्या बदल्यात मानद पदवी वाटणाऱ्या संस्थांपासून चार हात लांब राहा. त्यांचं "आंतरराष्ट्रीय मान्यता मंडळ" बहुधा त्यांनीच काढलेलं असतं. अमेरिकी संस्था असेल, तर तिथल्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. मान्यता देणारी संस्था कोण, तेही तिथेच कळतं. जो माणूस उद्या व्यासपीठावरून सत्य सांगणार आहे, त्याच्या नावामागे खोटी पदवी असू नये.

घरी राहून शिकणं कमी प्रतीचं नाही

"घरी बसून कसला पाळक तयार होणार?" असं वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांना ग्वाटेमालाची हकीकत सांगावी. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे १९६० च्या दशकात अडचण उभी राहिली. शहरात शिकलेले तरुण खेड्यांतल्या मंडळ्यांत परत जात नव्हते. खेड्यांत मंडळी चालवणाऱ्या प्रौढ माणसांना घरदार आणि शेती सोडून शहरात येणं शक्य नव्हतं. १९६३ मध्ये सेमिनरीने गणितच उलटं केलं: पुस्तकं गावात पाठवली. विद्यार्थी आठवडाभर घरी अभ्यास करी आणि ठरल्या दिवशी शिक्षक जवळच्या केंद्रावर येऊन चर्चा घेई. ही पद्धत जगभर पसरली. भारतात बंगळूरची टॅफ्टी ही संस्था त्याच पद्धतीने घरचा अभ्यास आणि गटचर्चा यांची सांगड घालते.

यातून ऑनलाइन कोर्स निवडण्याची कसोटी मिळते. ही पद्धत टिकली, कारण विद्यार्थी आपल्या मंडळीतच राहून शिकत होता आणि शिकलेलं रविवारी वापरत होता. म्हणून कोर्सच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा: प्रत्यक्ष सेवेचे तास मोजले जातात का, आणि स्थानिक पाळकाकडून अहवाल मागवला जातो का. नुसते व्हिडिओ आणि बहुपर्यायी प्रश्न असतील, तर त्यातून माहिती मिळेल, सेवक घडणार नाही. आजाऱ्याच्या खाटेशेजारी काय बोलावं आणि कधी गप्प बसावं, हे अनुभवी पाळकाबरोबर दवाखान्यात गेल्याशिवाय कळत नाही.

अभ्यास कसा असतो?

बायबल पाठ आहे म्हणजे कोर्स सोपा जाईल, असा अनेकांचा समज असतो. एक नमुना पाहा. लूकच्या शुभवर्तमानातला १५ वा अध्याय, उधळ्या पुत्राचा दृष्टांत. शिक्षक विचारतात: येशू ही गोष्ट कोणाला उद्देशून सांगतो? अध्यायाच्या सुरुवातीची कुरकुर कोणाची? धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागणं त्या समाजात काय मानलं जाई? जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात थोरल्याला दुप्पट वाटा सांगितला आहे, मग धाकट्याच्या वाट्याला किती आलं? थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे लूक का सांगत नाही? आणि शेवटचा प्रश्न: तुमच्या गावात जमिनीच्या वाटणीवरून दोन भाऊ बोलत नसतील, तर त्या घरी हा संदेश कसा द्याल?

या शेवटच्या प्रश्नासाठी गाव माहीत असावं लागतं आणि आधीच्या प्रश्नांसाठी ग्रंथ. दोन्ही आवडत असतील, तर तुमचा कल बरोबर दिशेने आहे.

शिवाय मंडळीचा इतिहास, समुपदेशन, इतर धर्मांचा अभ्यास आणि बऱ्याच ठिकाणी ग्रीक व हिब्रूही असतं. भाषांचं दडपण घेऊ नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचा एवढा संसार सांभाळत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. मात्र इंग्रजी वाचनाची सवय आजपासूनच लावा. बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत आणि मुलं अडतात ती तिथेच.

फी भरण्याआधी स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर येल विद्यापीठाच्या दोन व्याख्यानमाला फुकट उपलब्ध आहेत: क्रिस्टीन हेज यांची जुन्या करारावरची २४ व्याख्यानं आणि डेल मार्टिन यांची नव्या करारावरची २६. तिथे बायबलकडे इतिहास आणि साहित्य म्हणून पाहिलं जातं. काही गोष्टी मंडळीत ऐकलेल्यापेक्षा वेगळ्या वाटतील. मनात प्रश्न उठले तर ते आपल्या पाळकांपुढे ठेवा. एक मालिका टिपणं काढत पूर्ण केली, तर पदवीचा अभ्यास झेपेल. तिसऱ्या व्याख्यानालाच कंटाळा आला, तर तेही फी जाण्याआधी कळलं.

पोटापाण्याचं काय?

पाळकाचं मानधन बेताचं असतं. मोठ्या मंडळ्यांत राहायला घर मिळतं, बदल्या होतात. छोट्या स्वतंत्र मंडळीत उत्पन्न अर्पणावर अवलंबून असतं. हे मुलांनी आणि पालकांनी एकत्र बसून बोलावं. शक्य असेल, तर एखाद्या पाळक कुटुंबाला घरी जेवायला बोलावून मोकळेपणाने विचारावं.

पाळकपणाखेरीज इतर वाटाही आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या मोठ्या रुग्णालयांत रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे चॅप्लेन असतात आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. ख्रिस्ती शाळा, वसतिगृहं, सामाजिक संस्था, प्रकाशनं आणि बायबल भाषांतर ही कामं आहेत. भाषेची आवड असणाऱ्याने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'कडे पाहावं. त्या कामाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. प्राध्यापकीकडे ओढा असेल, तर मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे.

तरीही बारावीनंतर लगेच निर्णय घेणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला एकच: आधी किंवा सोबत एक सरकारमान्य पदवी घ्याच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी माध्यमात बी.ए. करता येतं आणि जोडीला बायबलचा पदविका अभ्यासक्रम चालू शकतो. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यालाही परवानगी दिली आहे. ती मान्यताप्राप्त पदव्यांसाठी आहे, हे ध्यानात ठेवा. मान्य पदवी हाताशी असली, तर पाचारणावरचा विश्वास कमी होत नाही. घरच्यांची धास्ती मात्र कमी होते, आणि मन बदललं तर परतीची वाट राहते.

या वर्षी काय करावं?

पहिल्या तीन महिन्यांत पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला आणि मंडळीत एक ठरावीक जबाबदारी मागून घ्या: संडे स्कूलचा वर्ग, तरुण संघ, आजाऱ्यांच्या भेटी. त्याच काळात एक मोफत व्याख्यानमाला पूर्ण करा. मग दोन-तीन संस्थांना लेखी विचारा: मान्यता कोणाची, एकूण खर्च किती, प्रत्यक्ष सेवा किती, पदवीनंतर आमच्या मंडळीत नेमणूक झालेले विद्यार्थी आहेत का. उत्तर टाळणारी संस्था यादीतून काढा. मग कुटुंबासोबत बसून निर्णय घ्या.

पालकांनो, वर्षभर नेमाने संडे स्कूल घेणारी, आजाऱ्यांकडे न कंटाळता जाणारी आणि टिपणवही भरून दाखवणारी मुलगी तुमच्यापुढे उभी असेल, तर तिला अडवू नका. तिची फी भरा आणि तिच्या मंडळीलाही त्यात वाटा उचलायला सांगा. उद्या ती त्याच मंडळीच्या कामी येणार आहे.