रिपोर्ट नॉर्मल, तरी भीती जात नाही

प्रश्न : माझे यजमान (वय ४६) बँकेच्या रांगेत उभे असताना चक्कर येऊन कोसळले. ३ दिवस अ‍ॅडमिट होते. ईसीजी, टूडी इको, एमआरआय, सगळं नॉर्मल. कारण कुणी सांगितलं नाही. आता ते एकटे बाथरूमलाही जायला घाबरतात.

उत्तर : ताई, अशा वेळी कारण हाती न लागणं अजिबात दुर्मीळ नाही. तपासण्यांनी घातक शक्यता बऱ्याच दूर केल्या, हे थोडं नव्हे. कधी कधी बराच वेळ उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरून शुद्ध हरपते; माणूस आडवा झाला की मिनिटभरात सावरतो. हा प्रकार मशिनपेक्षा पाहणाऱ्याच्या सांगण्यातून जास्त कळतो. चेहरा पांढरा पडला होता का? घाम फुटला होता? रांगेतल्या कुणाला गाठता आलं तर जरूर विचारा आणि फाइल घेऊन फिजिशियनकडे जा. ते २४ तासांचं होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद) सुचवतील कदाचित. तोवर गाडी चालवणं बंद. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच आडवं व्हावं, पाय उशीवर. मात्र चालताना, जिना चढताना शुद्ध गेली, छातीत धडधडलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे. बाथरूमला तूर्त आतून कडी नको, एवढं पुरे. दाराशी पहारा नको.