लाउंजमधलं सोवळं

प्रश्न : माझी धाकटी बहीण व्हँकूव्हरला असते. २०२१ च्या डिसेंबरात ती आईला ठाण्याहून दिल्ली-टोरांटोमार्गे घेऊन गेली. टोरांटोत पुढच्या विमानाला सहा तास होते. बहिणीच्या कार्डावर लाउंज फुकट होतं, तरी तिने आईला आत न नेता गेटजवळच्या खुर्च्यांवर बसवून ठेवलं. आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगते. बरोबर कोणाचं? आणि साथ चालू असताना ही लाउंज उघडी तरी कशाला ठेवली होती?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : निकाल आधीच सांगून टाकतो. बहिणीचं बरोबर. पण आईंचा रागही खोटा नाही, त्याच्याकडे शेवटी येऊ.

मार्च २०२० मध्ये कॅनडाने सरहद्द बंद केली आणि परदेशातून येणारी बहुतेक विमानं टोरांटो, माँट्रियल, कॅल्गरी आणि व्हँकूव्हर या चारच विमानतळांवर उतरू दिली. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर २०१९ मध्ये ५ कोटींवर प्रवासी आले-गेले होते. २०२० मध्ये ते १ कोटी ३३ लाखांवर आले. एरवी पाय ठेवायला जागा नसते अशा दालनांत आवाज घुमू लागला. १ जून २०२० पासून तर तिकीट नसलेल्याला इमारतीत प्रवेशच नव्हता. पोचवायला आलेल्या मंडळींनी रस्त्यावरच हात हलवायचा. लाउंजही बंद झाली.

त्यातलं पहिलं मोठं दार किलकिलं झालं ते २०२० च्या जुलैअखेरीस. एअर कॅनडाने पिअर्सनवरचं देशांतर्गत प्रवाशांसाठीचं मेपल लीफ लाउंज पुन्हा उघडलं. पण आतला सगळा रिवाज बदललेला. प्रवेशाचा पास आपला आपणच यंत्रासमोर धरायचा. खुर्च्यांच्या मध्ये पारदर्शक पडदे. जंतुनाशकाची फवारणी, अतिनील किरणांचे दिवे. मासिकं गायब, वाचायचं असेल तर फोनवर. आणि मांडून ठेवलेलं जेवण बंद. क्यूआर कोड फोनवर टिपायचा, काय हवं ते सांगायचं, माणूस जागेवर आणून देणार. आपल्याकडे लग्नात पंगत जाऊन बुफे आला तेव्हा जुनी माणसं हळहळली होती. इथे उलटं झालं. एका विषाणूने बुफे उठवला आणि पंगत बसवली, वाढप्यासकट. एकच डाव शंभर हातांतून फिरवण्यापेक्षा हे बरंच, असं कोणालाही वाटेल.

गंमत अशी की या सगळ्या खटाटोपातला मोठा भाग सोवळ्याचा होता : शिवायचं नाही, शिवून घ्यायचं नाही. साथीच्या पहिल्या महिन्यांत ते समजण्यासारखं होतं. आपणही तेव्हा दुधाच्या पिशव्या धूत होतोच. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. खरा मार्ग श्वासाचा. पारदर्शक पडदा समोरच्याच्या शिंकेचे मोठे थेंब अडवतो. बारीक कण मात्र उदबत्तीच्या धुरासारखे पडद्याला वळसा घालून पलीकडे जातात. देवघरात लावलेली उदबत्ती स्वयंपाकघरात कळते, मग मधे भिंत असली तरी.

म्हणून लाउंजमध्ये जावं की नाही, हा प्रश्न टेबल किती वेळा पुसतात याचा नव्हताच. छत किती उंच, हवा किती खेळती, माणसं किती, आणि त्यातल्या किती जणांच्या तोंडावर मास्क आहे, एवढंच विचारायचं होतं. शेवटच्या मुद्द्यावर लाउंज हमखास हरतं. कॅनडात विमान प्रवासासाठी नाक-तोंड झाकणं २० एप्रिल २०२० पासून सक्तीचं होतं, पण खाता-पिताना सूट होती. आणि लाउंजमध्ये माणूस जातो कशाला? खायला-प्यायलाच. एक कॉफी तासभर पुरवणारे सगळ्या देशांत असतात. शिवाय तुमच्या बहिणीच्या प्रवासाचा महिना बघा. ३० ऑक्टोबर २०२१ पासून कॅनडातल्या विमानतळांवरून उडणाऱ्या, बारा वर्षांवरच्या प्रवाशांना लस बंधनकारक झाली होती, हे खरं. पण २८ नोव्हेंबरला ओटावात ओमायक्रॉनचे देशातले पहिले रुग्ण सापडले, आणि लस घेतलेल्यांनाही तो गाठत होता. तोवर विमानतळावरची गर्दीही बरीच परतली होती आणि नाताळ तोंडावर होता.

बऱ्याच लोकांना विमानाचीच जास्त भीती वाटायची. उडत्या विमानात हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते आणि तिच्यातली फिरवलेली हवा हेपा गाळणीतून जाते. ही गाळणी अगदी बारीक कणांपैकीही ९९.९७ टक्के पकडते. त्यामुळे शेजारीच कोणी खोकत बसला नसेल, तर विमानातल्या मधल्या सीटपेक्षा मऊ गालिच्याची, ठेंगण्या छताची, भरलेली खोली जास्त जोखमीची असू शकते. गेटजवळचं दालन पिअर्सनला प्रशस्त आहे, छत वर गेलेलं आहे. तिथे कोपऱ्यातली जागा धरून बसणं हा साधा पण शहाणा हिशेब होता. त्या काळात काही हौशी प्रवासी कार्बन डायऑक्साइड मोजायचं काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र खिशात घेऊन फिरत. उघड्या हवेत आकडा ४०० च्या आसपास असतो. खोलीत तो हजाराच्या वर गेला की समजायचं, आपण इतरांचा उच्छ्वास वाटून घेतोय. जरा चक्रम दिसायचं ते, पण दारावरच्या ‘निर्जंतुक केले आहे’ या पाटीपेक्षा त्या यंत्राला जास्त कळत होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उघडी कशाला ठेवली. लाउंज हा पहिल्यापासून पाहुणचार कमी आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा दोर जास्त. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर ॲडमिरल्स क्लब काढला, तो असल्या क्लबांतला पहिला मानतात. तिथे सुरुवातीला कंपनी बोलावेल त्यालाच प्रवेश होता. पुढे महागडं तिकीट, मग वर्षाची वर्गणी, मग बँकेचं कार्ड असे दरवाजे वाढले. कार्डाची वार्षिक फी भरलेला माणूस साथीतही ती फी विसरत नाही. आणि जे थोडे लोक उडत होते, ते कंपन्यांना गमवायचे नव्हते. वेस्टजेट या विमान कंपनीने तर नोव्हेंबर २०२० मध्ये, विमानं रिकामी उडत असताना, कॅल्गरीत आपलं पहिलं लाउंज नव्याने सुरू केलं. घराचं काम निघालं की मुहूर्त बघून थांबवता येत नाही, तसंच हे.

राहिला आईंचा राग. त्यांच्या प्रवासाच्या महिन्यात भारतातून थेट कॅनडाला जायचं म्हणजे दिल्ली विमानतळावरच्याच जीनस्ट्रिंग्स प्रयोगशाळेत, उड्डाणाआधी अठरा तासांच्या आत कोविडची चाचणी करून घ्यावी लागे. म्हणजे ठाण्याहून दिल्लीला आधीच पोचायचं, नाकात काडी घालून घ्यायची, निकालाची वाट बघायची, मग चौदा-पंधरा तासांचं विमान. टोरांटोला उतरल्यावर कागदपत्रं, सामान, पुन्हा सुरक्षा तपासणी. एवढं सोसून आलेल्या बाईला समोर काचेआड सोफे दिसत असताना लोखंडी हाताच्या खुर्चीवर सहा तास काढायला लावले, तर ती बोलणारच. मधला मार्ग होता : गर्दी नसेल तेव्हा तासभर आत जायचं, तोंड धुवायचं, पाय पसरायचे, मास्क न काढता. पोटाचं काम बाहेरच्या मोकळ्या कोपऱ्यात, डब्यातल्या दशम्यांवर भागवायचं. पण लांबच्या प्रवासात, आईची जबाबदारी अंगावर असताना, कोणाला एवढी नाजूक गणितं सुचतात?

आईंसमोर ठेवायला एक मुद्दा देतो. कार्डावर येणाऱ्याला बऱ्याच लाउंजमध्ये तीन तासांपेक्षा जास्त बसू देत नाहीत. सहापैकी निम्मे तास त्यांना तसेही त्या खुर्चीवरच काढावे लागले असते.