घरातील कोळी

रात्री भिंतीवर मोठा, चपटा कोळी दिसला, की पुष्कळांच्या अंगावर काटा उभा राहतो. कोणी किंचाळतो, तर कोणी केरसुणी उगारतो. परंतु हा प्राणी खरोखरच आपला शत्रू आहे काय?

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. भिंतीवरचा हा कोळी जाळे विणून बसत नाही. रात्री हिंडून तो झुरळे पकडतो. कधी कधी त्याच्या पोटाखाली एक पांढुरकी चकती दिसते. ती मादीने जपलेली अंड्यांची पिशवी होय.

कोळ्याजवळ विष असते, पण ते भक्ष्यासाठी. माणसाची चाहूल लागताच तो पळ काढतो. कोळी अंगावरून गेल्याने फोड उठतात, असे अनेक लोक मानतात. वास्तविक तसे फोड पुष्कळदा दिव्याकडे येणारा एक लहान भुंगेरा अंगावर चिरडल्याने किंवा नागीण या रोगाने उठतात.

तरीही कोळी घरात नको असेल, तर कोळिष्टके वरचेवर झाडावी, अडगळ काढावी, फटी बुजवाव्या आणि अन्न झाकून ठेवावे. किडे कमी झाले, की कोळीही कमी होतात. आत आलेल्या कोळ्यावर रुंद तोंडाचा डबा हलकेच उपडा घालावा, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि त्याला बाहेर सोडावे. भीतीपोटी मारणे सोपे असते. नीट पाहून सोडून देण्यास मात्र धैर्य लागते.