दाढ काढली, आता इम्प्लांट कधी?

दाढ काढली की ठणका थांबतो आणि आपण विषय विसरतो. पण रिकाम्या जागेचे हाड झिजू लागते. पहिल्या 3 महिन्यांत सर्वांत जास्त. इम्प्लांट म्हणजे त्याच हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर कृत्रिम दात. हाडच उरले नाही, तर स्क्रू टिकणार कशात?

पू नसेल आणि हाड शाबूत असेल, तर काहींना त्याच दिवशी बसवता येतो. हिरडी भरून यायला 6 ते 8 आठवडे लागतात. अनेकांना तेव्हा बसवतात. हाड भरायला हवे असेल, तर 3 ते 6 महिने थांबावे लागते. कोणी ‘आजच बसवा’ म्हणाले, तर एक्स-रे दाखवून कारण सांगा, असे म्हणा.

मिसरी, तंबाखू, बिडी बंद करा. मधुमेह ताब्यात ठेवा. नाहीतर स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो, पैसा वाया जाऊ शकतो.

परवडत नसेल तर कवळी किंवा ब्रिज आहे. त्यात कमीपणा नाही. मुंबई सेंट्रलच्या पालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. आणि दाढ काढण्याआधीच विचारा, “या जागी पुढे काय?”