भुरभुर पावसातला रस्ता

धो-धो पावसात मी सायकलवरून कधी पडलो नाही. पडलो तो भुरभुर पावसात, जूनच्या पहिल्या आठवड्यात, चिंचपोकळीच्या पुलाच्या उतारावर. सकाळचे साडेआठ वाजले होते. पाऊस इतका बारीक, की पिशवीतला रेनकोट काढावा असंही वाटलं नाही. गिरगावातून निघायचं, लॅमिंग्टन रोड, मुंबई सेंट्रल, सात रस्ता, मग पूल उतरून लालबाग, भारतमाता, परळ, हिंदमाता आणि दादर. कामावर जायचा हा माझा अकरा वर्षांचा रस्ता. त्यावरचा खड्डा न् खड्डा पाठ झाला आहे, अशी माझी समजूत होती.

उतारावर पुढची टॅक्सी अचानक थांबली. मी पुढचा ब्रेक दाबला आणि तेवढ्यातच हँडल डावीकडे वळवलं. चाक त्या वेळी पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्टीवर होतं. सायकल माझ्या खालून निघून गेली, उजवा हात टेकला गेला आणि मनगटाचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने अंतर राखलं होतं, म्हणून आज हे लिहितो आहे. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

त्या सहा आठवड्यांत मनगटापेक्षा जास्त एक गोष्ट सलत राहिली. ओल्या लोखंडावर चाक असताना काय करायचं नाही, हे वडिलांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. ते परळच्या गिरणीत होते आणि सायकलने जायचे. त्या काळी आजच्या आंबेडकर रस्त्यावरून दादरपर्यंत ट्राम धावायची. दादर टी.टी.मधलं 'टी.टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली. तोवर पावसाळ्यात सायकलवाल्याचा खरा शत्रू म्हणजे ट्रामचे ओले रूळ. वडील सांगायचे, रूळ तिरका ओलांडायचा नाही, सरळ काटकोनात ओलांडायचा. रुळावर चाक असताना ब्रेक नाही, वळण नाही, पायडल नाही. रूळ गेले तशी ती शिकवणही माझ्या डोक्यातून गेली. पण लोखंड रस्त्यावरून गेलेलं नाही. मॅनहोलची झाकणं, पुलांचे सांधे, खणलेल्या चरांवर टाकलेले पत्रे, पावसाळी गटारांच्या जाळ्या, सगळीकडे ते आहे आणि ओलं झालं की रुळासारखंच वागतं.

पहिल्या पावसाचं गणित मात्र लोखंडापुरतं नाही. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत रस्ता कोरडा असतो. या आठ महिन्यांत गाड्यांमधून गळलेलं ऑइल, डिझेल, टायरचा झिजलेला रबर आणि बारीक धूळ डांबरात मुरून बसते. पहिली भुरभुर हे सगळं वर आणते, पण वाहून नेत नाही. पाणी आणि तेल मिळून एक पातळ थर तयार होतो आणि तो दिसत नाही. सिग्नलपाशी आणि बसस्टॉपसमोर, जिथे गाड्या उभ्या राहून गळतात, तिथे तो सगळ्यात दाट असतो. अर्धा-पाऊण तास चांगला झोडपून पाऊस झाला की रस्ता धुऊन निघतो आणि टायर पुन्हा पकड घेतो. पाच-सहा दिवस उघडीप पडली की थोड्या प्रमाणात तेच पुन्हा सुरू होतं. मुंबईत मान्सून साधारण 11 जूनच्या आसपास येतो. त्याआधीच्या वळवाच्या हलक्या सरी म्हणूनच सगळ्यात फसव्या.

माझा आतेभाऊ टोरांटोला असतो आणि तिथल्या हिवाळ्यातही सायकल चालवतो. मी पडल्याचं कळल्यावर त्याचा फोन आला. तिकडे ज्याला ब्लॅक आइस म्हणतात, तो रस्त्यावरचा बर्फाचा पातळ काचेसारखा थर त्यालाही एकदा दिसला नव्हता. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्यामानाने बरा. शून्य अंशाच्या आसपास, बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो, तेव्हा तो सगळ्यात निसरडा. आपल्याकडेही तसंच आहे. रस्ता पुरता कोरडा किंवा पुरता धुतलेला असेल तर भीती कमी, मधल्या अवस्थेत जास्त. तो हिवाळ्यात लोखंडी खिळ्यांचे टायर बसवतो. आपल्या डांबरावर त्यांचा उपयोग नाही, आपल्याला वेगच कमी करावा लागतो. तोही निसरडी जागा येण्याच्या आधी. निसरड्या जागेवर पोहोचल्यावर काहीही करायला गेलं तर उशीर झालेला असतो.

ब्रेकबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण माझी चूक तिथेच झाली. जुन्या धाटणीच्या सायकलच्या स्टीलच्या रिमवर पाणी असलं की रबरी ब्रेक जवळजवळ धरतच नाही. पहिले दोन-चार फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात आणि मग एकदम धरतो. अ‍ॅल्युमिनियमची रिम बरी, डिस्क ब्रेक त्याहून बरा. पण ब्रेक कितीही चांगला असला तरी रस्ता तोच असतो. म्हणून पावसात दर थोड्या वेळाने ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यायची. थांबायचं असेल तर दोन्ही ब्रेक सावकाश दाबायचे, मागच्यावर जरा जास्त जोर, आणि चाक सरळ ठेवायचं. आधी वेग कमी, मग वळण. दोन्ही एकदम नाही. पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर ठेवायचं. मे संपायच्या आत ब्रेकचे रबर बदलून घ्या, फार पैसे लागत नाहीत. गुळगुळीत झालेला टायर बदला आणि पावसाळ्यात हवा किंचित कमी ठेवा, म्हणजे टायर रस्त्यावर जास्त टेकतो.

तेल आणि लोखंडाशिवाय प्रत्येक भागाचा आपला निसरडेपणा असतो. दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे फुलबाजार भरतो. झेंडूच्या पाकळ्या आणि पानं पायांखाली चुरडून रस्त्यावर त्याचा लगदा होतो, तिथे मी उतरून चालत जातो. लालबाग-परळला विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओल्या गुलालाची जागा दुरून लाल दिसते, निदान दिसते तरी. झाडाखालच्या पेव्हर ब्लॉकवर ऑगस्टपर्यंत शेवाळ धरतं. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग ओला झाला की फरशीसारखा होतो. हे सगळं कसं सांभाळायचं, ते डबेवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. हँडलला आणि कॅरिअरला डबे लावलेली त्यांची सायकल भर पावसात चालते. मी त्यांना नीट पाहिलं आहे. ते वळताना झुकत नाहीत, आणि शंका आली की लाज न वाटता खाली उतरतात.

हिंदमाताचं वेगळं सांगायलाच हवं. तो सखल भाग आहे, वर्षानुवर्षं तुंबत आला आहे. पालिकेने तिथलं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत, तरी भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की मी अजूनही धोका पत्करत नाही. तळ दिसत नाही अशा पाण्यात सायकल घालू नका. ढकलतही नेऊ नका. 29 ऑगस्ट 2017च्या पावसात मुंबईतले निष्णात डॉक्टर दीपक अमरापूरकर गाडी सोडून पायी घरी निघाले होते. एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये ते वाहून गेले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला. पाण्याखालचं भोक त्यांना दिसलं नाही. पाण्यात कुणी झाडाची फांदी किंवा काठी उभी रोवलेली दिसली, तर ती तुमच्यासाठीच आहे असं समजा.

आणि पडलात तर खरचटलेल्या गुडघ्याकडे दुर्लक्ष करू नका. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. 26 जुलै 2005च्या पुरानंतर या शहराने ती साथ पाहिली आहे. जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर सांगतील, पण ती बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या. माझ्या प्लास्टरच्या धावपळीत कोपराची जखम तीन दिवस तशीच राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस मी रोज ताप मोजत होतो. सुदैवाने काही झालं नाही.

आमच्या चाळीतल्या शेजाऱ्यांची मुलगी या वर्षी दादरला कॉलेजात जाते आहे आणि तिला सायकलनेच जायचं आहे. तिच्या आईने मला विचारलं, "काका, पाठवू का हिला?" मी नको म्हणालो नाही. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही चाळीच्या अंगणात चार बादल्या पाणी ओतलं आणि मध्ये जुन्या मोरीचं लोखंडी झाकण ठेवलं. पहिल्या फेरीला तिने झाकणावरच ब्रेक दाबला आणि मागचं चाक सरकलं, पण पाय टेकले म्हणून ती पडली नाही. दहाव्या फेरीपर्यंत ती झाकणाच्या दोन हात आधीच वेग उतरवायला लागली होती. येत्या रविवारी पाण्यात थोडं ऑइल घालून पुन्हा करायचं ठरलं आहे.