आखाजी घरातल्या सगळ्यांची होऊ द्या

आई-वडिलांनो,

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की भडगाव तालुक्यात घरोघरी धांदल उडते. शाळांना सुट्टी लागायची वेळ, लेकी माहेरी निघालेल्या, गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. पण हा सण येतो तो ऐन वैशाखात, जळगाव जिल्ह्याचा पारा ४५ अंशांकडे धावत असताना. सणाची ओढाताण आणि उन्हाचा तडाखा एकाच आठवड्यात अंगावर येतात. म्हणून आज थोडं मनातलं बोलू या.

आधी आईबद्दल. चुलीवर खापर पालथं घातलेलं असतं. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत ती मोठी करते, खापरावर टाकते, आणि ती भाजेपर्यंत दुसरा उंडा हातात घेते. घाम पुसायलाही कोपरच वापरावं लागतं. पंगतीतून “अजून एक वाढा” म्हणणारे पुष्कळ, “तू पाणी प्यालीस का?” असं विचारणारं कोणी नसतं. धगीपाशी तासन्‌तास बसून घाम गेला आणि तेवढं पाणी पोटात गेलं नाही, की डोकं दुखतं, चक्कर येते, पायांत गोळे येतात. मग संध्याकाळी ती मुलांवर खेकसते. तो तिचा स्वभाव नव्हे, थकवा असतो. पितरांच्या नैवेद्यापुरत्या पोळ्या खापरावर करा, बाकीच्या तव्यावर होऊ द्या. काम ऊन चढायच्या आत उरका, चुलीपाशी आळीपाळीने बसा, ताक किंवा मीठ-लिंबाचं सरबत हाताशी ठेवा. चार पोळ्या कमी झाल्या म्हणून पितर रागावत नाहीत.

वडिलांनो, तुमच्या डोक्यावरचा भारही कमी नाही. आखाजीला सालदाराचा हिशेब होतो, पुढ्यात खरिपाच्या बियाण्याचा खर्च, त्यात लेकी-जावयांचा मानपान. अशात “आखाजीला पत्ते चालतातच” म्हणत डावावर बसलात, तर पैसाही जातो आणि झोपही. दुसऱ्या दिवशीची चिडचिड मुलांच्या वाट्याला येते. त्यापेक्षा सणाचा खर्च दोघांनी आधीच बसून ठरवा आणि मुलांनाही सांगा, “यंदा कपडे एकेकच घेऊ.” खरं कारण कळलं की मुलं समजून घेतात. दाराआडची कुजबुज ऐकली की मात्र घाबरतात.

आता मुलांचं. दुपारी १२ ते ४ त्यांना सावलीत ठेवा आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी द्या. गिरणा नदीपाशी तर फारच जपा. उन्हाळ्यात धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटतं आणि कालपर्यंत कोरडं असलेलं पात्र भरतं. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली गेले की वरून दिसत नाहीत; गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात पडतं. मामाच्या गावाला आलेल्या भाच्यांना तर नदीची माहितीच नसते. जाणतं माणूस सोबत असल्याशिवाय कोणत्याही मुलाला पाण्याकडे पाठवू नका.

आणखी एक. चार पाहुण्यांत “किती टक्के पडले?” हा प्रश्न हमखास निघतो. तेव्हा तुलना सुरू होऊ देऊ नका. “त्याने त्याच्या परीने केलं” एवढं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, तरी पोराला केवढा आधार वाटतो!

उन्हाने अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपू लागली, तर ती साधी चक्कर समजू नका. माणसाला सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. घरात कोणी सतत उदास असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटतं असं बोलत असेल, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सेवा मोफत आहे आणि रात्रीही सुरू असते. मदत मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

सणाच्या आदल्या रात्री सगळे मिळून बसा आणि कामं वाटून घ्या. पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार, लहानग्यांकडे कोण पाहणार, हे नावानिशी ठरू द्या. मुलग्यांनाही त्यात धरा. आणि संध्याकाळी लेकीबाळी निंबाच्या झोक्याकडे निघाल्या की घरातल्या सुनेला हाक मारायला विसरू नका. तीही कुणाची तरी लेक आहे, आणि आखाजी तिचीही आहे.