मैदानात उतरण्याआधीचे तीन महिने

महाविद्यालयातील मुलींच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम केव्हा सुरू होतो, असे विचारले तर बहुतेक जण स्पर्धेची तारीख सांगतील. डॉक्टर म्हणून मला हे उत्तर अपुरे वाटते. शरीराचा हंगाम स्पर्धेच्या निदान तीन महिने आधी सुरू होतो. तो चुकला की मुलगी मैदानावर धापा टाकते आणि घरचे म्हणतात, "हिला हे झेपत नाही, खेळ बंद करा." आजच्या लेखात या "झेपत नाही"चा विचार करू.

वरकुटे बुद्रुक असो की वरकुटे खुर्द, आपल्या भागातील मुली एस.टी.ने इंदापूर-बारामतीला कॉलेजला जातात. सकाळी लवकर निघायचे, डबा घाईत खायचा, दुपारी तास, संध्याकाळी सराव आणि अंधार पडण्याआधी घर गाठायचे. पुणे विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये आधी विभागीय सामने होतात. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे हे विभाग आहेत. तेथून आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ आणि पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ही पायरी आहे. पहिल्याच पायरीवर पाय घसरला की वर्षाचा हंगाम संपतो, आणि कॉलेजची वर्षे तर मोजकीच असतात.

मुलींना हा खेळ झेपेल का, ही शंका नवी नाही. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नाईस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या शिक्षिका सेंदा बेरेनसन यांनी तो मुलींना शिकवला. पण मुलींना फार श्रम होऊ नयेत म्हणून मैदानाचे तीन भाग केले आणि खेळाडूने आपला भाग सोडायचा नाही, असा नियम घातला. १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना तो पाहायला मनाई होती. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून महिलांचे सामने ऑलिंपिकमध्ये आले. आज मुलीही २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशा पूर्ण मैदानावर, दहा-दहा मिनिटांच्या चार डावांत खेळतात. पुण्याच्या शिरीन लिमये हिने तर भारताच्या संघाचे नेतृत्व केले. तेव्हा प्रश्न मुलगी असण्याचा नाही, तयारीचा आहे.

आता पहिली तयारी, रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या शंभरपैकी सुमारे ५९ मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे बारा जणींच्या संघात सहा-सात मुली अशा असू शकतात. रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातील प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवते. ते १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजावा. अशी मुलगी घरकामात, वर्गात ठीक दिसते. पण सलग पळताना तिचे हृदय जोरात धडधडते, पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तिला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

यावर एक साधा हिशोब ध्यानात ठेवा. लोहाची गोळी सुरू केल्यावर हिमोग्लोबिन साधारण तीन-चार आठवड्यांत एक-दोन ग्रॅमने वाढते. ते पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरायला आणखी दोन-तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून सप्टेंबरच्या सामन्यासाठी ऑगस्टमध्ये तपासणी करून भागत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या गडबडीतच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी सोपी आहे, बोटावर टोचून थेंबभर रक्त लागते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. शौचाला काळी होते, थोडी बद्धकोष्ठता होते, याला घाबरून गोळ्या सोडू नयेत.

आहाराबाबत एक गैरसमज आपल्या तालुक्यात पक्का आहे. आपल्याकडे डाळिंब पिकते, त्याचा रंग लाल, म्हणून ते रक्त वाढवते असे मानतात. डाळिंब चांगले फळ आहे, पण त्यात लोह फारच थोडे असते. त्याउलट बाजरीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. अळीव, राजगिरा, मटकी, हरभरा यांतही लोह मिळते. मांसाहार करणाऱ्यांसाठी यकृत उत्तम. वनस्पतींमधील लोह शरीरात कमी शोषले जाते, पण जोडीला क जीवनसत्त्व असेल तर ते चांगले शोषले जाते. म्हणून बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळावे. जेवणानंतर आपल्याच शेतातला पेरू खावा. चहा मात्र जेवणाबरोबर नको, कारण तो लोहाचे शोषण अडवतो. जेवण आणि चहा यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम, तर पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागते. घरात मात्र पुष्कळदा उलट वाटणी होते, हे आईने आणि बाबांनी दोघांनीही पाहावे.

दुसरी गोष्ट पाळीची. पाळीच्या दिवसांत खेळू नये, असा वैद्यकशास्त्राचा नियम नाही. बरे वाटत असेल तर जरूर खेळावे. मात्र रक्तस्राव फार होत असेल तर तपासणी हवी, कारण तोही रक्तक्षयाचे कारण ठरतो. सामन्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. उलट, भरपूर सराव आणि कमी खाणे यामुळे पाळी सलग तीन महिने आलीच नाही, तर "कटकट गेली" असे समजू नका. शरीराला लागणारे अन्न पोचत नाही, याची ती खूण असू शकते. अशा वेळी हाडेही कमकुवत होतात. पाळी थांबणे, कमी आहार आणि हाडांचा अशक्तपणा या तीन गोष्टींचा संबंध वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत स्पष्ट केला आहे.

तिसरी गोष्ट गुडघ्याची. बास्केटबॉलमध्ये उडी, वळण, एकदम थांबणे हे सतत चालते. गुडघ्यातील आडवी-तिडवी बंधने असतात, त्यांतील पुढचे बंधन तुटण्याची शक्यता मुलींमध्ये मुलांपेक्षा सुमारे दोन ते चार पट असते. उडी मारून खाली येताना गुडघे ताठ राहतात किंवा आत वळतात, हे एक मोठे कारण. म्हणून दररोजच्या सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे शरीर गरम करावे. हलके पळणे, उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणे आणि उडी मारून गुडघे वाकवून, दोन्ही पाय सरळ रेषेत ठेवून अलगद उतरणे, हे नियमित केल्यास इजा बऱ्याच कमी होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण त्याचा गुण यायला निदान सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे पुन्हा तोच हिशोब, तयारी लवकर सुरू करा.

गुडघ्यात कडकन आवाज आला आणि काही तासांत सूज आली, तर चोळणे, मालिश, ओढणे, गरम शेक हे सारे टाळा. त्या दिवशी खेळ थांबवा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा, पाय उंच ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. या बंधनाची शस्त्रक्रिया झाली तर मैदानात परतायला साधारण नऊ महिने किंवा अधिक लागतात. सूज उतरली म्हणून पुढच्या आठवड्यात सामना खेळणे म्हणजे पुढच्या हंगामावर पाणी सोडणे.

आणि शेवटी पाणी. आपल्याकडे पावसाळ्यानंतरचे ऊन चांगलेच जाणवते. सरावाला निघण्याआधी पाणी प्यावे आणि मधूनमधून पीत राहावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे, असे समजा. लिंबू, मीठ, साखरेचे सरबत घरचेच पुरते. महागड्या बाटल्यांची गरज नाही. बसमध्ये मुताऱ्यांची अडचण म्हणून मुली दिवसभर पाणी टाळतात. कॉलेजने स्वच्छ स्वच्छतागृह दिले, तर हा प्रश्न बराच सुटेल.

पालकांना आणि क्रीडा शिक्षकांना माझी विनंती एवढीच. जूनमध्ये संघातल्या प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन तपासा आणि त्याची नोंद ठेवा. जुलैपासून उडी-उतरण्याचा सराव सुरू करा. सरावाच्या दिवशी तिच्या डब्यात शेंगदाणे, गूळ, फुटाणे, केळे असे काहीतरी जास्त द्या. आणि मुलगी दमली तर तिच्या क्षमतेवर शिक्का मारण्याआधी तिचे रक्त एकदा तपासून घ्या. पुष्कळदा झेपत नसलेला खेळ तीन महिन्यांत झेपू लागतो.